ओल्या रस्त्याचे गणित

आपल्या बेळगावला लागून पुणे-बेंगळुरू महामार्ग जातो. पावसात सखल जागी पाणी तुंबले की गाड्या का घसरतात, ते आपण समजून घेऊ.

टायर रस्त्याला धरून राहतो तो घर्षणामुळे. त्याच्या खाचा पाणी बाजूला सारतात. खाचा झिजल्या किंवा वेग फार असला, की टायर पाण्याच्या थरावर तरंगतो. मग ब्रेक लागत नाही, गाडी वळतही नाही.

घर्षणांक कोरड्या रस्त्यावर ०.७ व ओल्यावर ०.४ धरू. ताशी ४० कि.मी. वेगाची गाडी ब्रेक दाबल्यावर अनुक्रमे सुमारे ९ व १६ मीटरवर थांबेल. वेग दुप्पट केला की अंतर चौपट, म्हणजे ओल्या रस्त्यावर साठ मीटरहून अधिक!

पालकहो, पाणी दिसताच आधीच वेग कमी करा. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा. गाडी तरंगलीच तर करकचून ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर सोडा. मागे बसलेल्या मुलालाही हेल्मेट घाला. चार वर्षांवरील सर्वांना कायद्याने ते सक्तीचे आहे.

पावसात दहा मिनिटे उशीर झाला, तर आम्ही कोणालाही वर्गाबाहेर उभे करणार नाही. सावकाश या.