परत पाठवीन, एवढं मात्र म्हणू नकोस

अगं, फोनवर तू रडत होतीस म्हणून तेव्हा काही बोलले नाही. बालकल्याण समितीचा आदेश आला, लेकरू सांभाळायला म्हणून प्रतापगडला तुझ्या घरी आलं, म्हणून ते लगेच रुळत नसतं. आठ वर्षांत त्याची दोन-तीन घरं सुटलीत. हेही सुटणार असं त्याने धरलंय, आणि कधी सुटतं ते बघतोय. म्हणून कितीही संतापलीस तरी "परत पाठवीन" म्हणू नकोस. संतापात मीही काहीबाही बोलते, पण हे नाही.

उशीखाली मुरमुऱ्यांचा पुडा सापडला, ती चोरी नाही गं. उपाशी राहिलेलं लेकरू पुढच्या भुकेची सोय करून ठेवतं. त्याच्या हाताला लागेल असा एक डबा त्याचाच म्हणून ठेव; फुटाणे, चिवडा, काहीही. संपला की मुकाट्याने भर.

कॅलेंडरवर रोज रात्री रेघा मार: उलट उत्तर एक, मारामारी एक, खोटं एक. हे माझ्या डोक्यातलं नाही. अमेरिकेत पॅट्रिशिया चेंबरलेन यांनी पालक कुटुंबांना फोन करून अशीच मोजदाद केली. दिवसाला सहापर्यंत कुरापती घरं सोसतात, त्यापुढे मूल तिथून हलवलं जाण्याचा धोका वाढत जातो, असं दिसलं. सॅन दिएगोतल्या ७०० घरांच्या अभ्यासात साधारण निम्म्या घरांना १६ आठवडे शिकवलं. भर रागावण्यापेक्षा कौतुकावर होता. त्या घरांतल्या मुलांच्या कुरापती कमी झाल्या.

पण नुसतं "शहाणा माझा" नको. "सायकल आत घेतलीस, भिजली नाही बघ," असं नेमकं सांग. चुकलाच तर अर्धा तास टीव्ही बंद, विषय संपला. सकाळी पुन्हा उकरायचा नाही. हात तर उगारायचाच नाही, जावईबापूंनाही सांग.

महाशिवरात्रीच्या जत्रेत गर्दीला बिचकेल. कुठे जायचं, काय घ्यायचं, किती वाजता परतायचं, आदल्या दिवशीच सांगून ठेव. आणि बालसंगोपन योजनेच्या २२५० रुपयांचा हिशेब त्याच्यादेखत काढू नकोस. पोरं सगळं ऐकतात.

जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या बाई आल्या की चहा देऊन "सगळं छान चाललंय" म्हणून वाटेला लावू नकोस. रेघा दाखव, समुपदेशक मागून घे.