रूपसाम्य आणि अर्थभेद : जुन्या इंग्रजी संहितांच्या वाचनातील एक प्रश्न

जुन्या संहितेतील अपरिचित शब्द वाचकाला अडवितो आणि म्हणूनच त्याला शब्दकोशाकडे नेतो. परिचित दिसणारा शब्द मात्र कोठेही न अडविता चुकीच्या अर्थाकडे नेतो. शेक्सपीअरची नाटके आणि १६११ चे इंग्रजी बायबल यांच्या अध्यापनात व अनुवादात हा धोका विशेषत्वाने संभवतो. समरूप शब्दांच्या याद्या पाठ केल्याने तो टळत नाही. रूपसाम्य कोणत्या मार्गाने निर्माण झाले, हे प्रथम पाहावे लागते. या दृष्टीने तीन प्रकार लक्षात घेण्याजोगे आहेत.

पहिल्या प्रकारात मुळात भिन्न असलेले दोन शब्द कालांतराने एकरूप होतात. 'लेट' या क्रियापदाचा आजचा रूढ अर्थ 'करू देणे' हा होय. प्राचीन इंग्रजीत मात्र दोन स्वतंत्र क्रियापदे होती : 'लॅतन' म्हणजे करू देणे, आणि 'लेत्तन' म्हणजे अडविणे. दुसरे क्रियापद 'मंद' या अर्थाच्या विशेषणापासून सिद्ध झाले होते. पुढे दोहोंचे रूप एक झाले. अर्थ मात्र परस्परविरोधीच राहिले. 'हॅम्लेट'च्या पहिल्या अंकातील चौथ्या प्रवेशात पिशाच्चामागे जाऊ पाहणाऱ्या नायकाला सोबती धरून ठेवतात. त्या वेळी तो देतो त्या धमकीत हे क्रियापद 'अडविणे' या अर्थाने आले आहे. रूढ अर्थ घेतल्यास धमकी वाट अडविणाऱ्याऐवजी वाट देणाऱ्याला दिली जाते आणि प्रसंगच उलटा होतो. १८८३ मध्ये आगरकरांचे 'विकारविलसित' प्रसिद्ध झाले, तेव्हापासून हे नाटक मराठीत आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ इंग्रजीच्या अभ्यासकांचा नाही. हा लुप्तप्राय अर्थ भारतीय पारपत्रावरील इंग्रजी विनंतीत 'लेट ऑर हिंड्रन्स' या जोडशब्दात टिकून आहे. तेथील हिंदी मजकुरात त्यासाठी 'रोक-टोक' हा शब्द योजलेला आहे.

दुसरा प्रकार याच्या उलट आहे. येथे मूळचा एकच शब्द लेखनभेदाने दुभंगतो. धातुवाचक 'मेटल' आणि धैर्य वा तेज या अर्थाचा 'मेटल' यांचे उच्चार आजही एक आहेत. लेखन तेवढे निराळे आहे. दुसरा शब्द हा पहिल्याचाच लाक्षणिक अर्थ होय. शेक्सपीअरच्या काळी हा लेखनभेद स्थिर झालेला नव्हता. 'ज्यूलियस सीझर'च्या पहिल्या अंकात कॅशियस ब्रूटसच्या मनाला हवा तसा आकार देता येईल असे स्वतःशी म्हणतो, तेव्हा धातूचे घडणे आणि वृत्तीचे वळणे हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात एकवटलेले असतात. आधुनिक संपादकाला त्यांतील एकच लेखन निवडावे लागते आणि दुसरा अर्थ झाकला जातो. मराठीत 'पाणी' हा शब्द येथे उपयोगी पडतो. तलवारीलाही पाणी असते आणि माणसाचेही पाणी जोखता येते.

तिसऱ्या प्रकारात शब्द तोच राहतो, अर्थ सरकतो. 'प्रिव्हेंट' हा शब्द 'आधी येणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला आहे. १६११ च्या बायबलातील ११९ व्या स्तोत्रात भक्त पहाटेच्या संदर्भात हे क्रियापद योजतो. त्याला पहाट थोपवायची नसून पहाटेपूर्वी प्रार्थनेला उठायचे आहे. जो आधी पोहोचतो तो दुसऱ्याची वाट रोखू शकतो. या मार्गाने आजचा अर्थ आला. 'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड' यांचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. आज पहिला शब्द निःपक्षपाती आणि दुसरा अनास्था असलेला, असा भेद शिकविला जातो. सतराव्या शतकात मात्र पहिला अनास्थेच्या आणि दुसरा निःपक्षपातीपणाच्या अर्थानेही आढळतो. मराठी अध्यापकाला या अर्थांतराचे नवल वाटू नये. गीतेतील 'उदासीन' हा तटस्थ, समबुद्धीचा पुरुष आहे. आजच्या मराठीतील उदासीन माणूस अनास्था असलेला किंवा खिन्न असतो. गीतेतील शब्दाला आजचा अर्थ चिकटविणे आणि जुन्या इंग्रजी शब्दाला आजचा अर्थ चिकटविणे, या दोन्ही एकाच जातीच्या चुका होत.

या वर्गीकरणाचे प्रयोजन केवळ सैद्धान्तिक नाही. प्रत्येक प्रकार वाचकाकडून निराळी कृती अपेक्षितो. पहिल्या प्रकारात दोन शब्दांपैकी एकाची निवड करावी लागते आणि ती प्रसंगावरूनच होते. दुसऱ्यात निवड करणे हीच हानी असते. तेथे दोन्ही अर्थ राखणारा प्रतिशब्द शोधावा लागतो. तिसऱ्यात संहितेचा काळ पाहून त्या काळचा अर्थ स्वीकारावा लागतो. म्हणून जुनी संहिता शिकविताना अपरिचित शब्दांच्या टिपांइतकेच परिचित शब्दांकडेही लक्ष वेधणे आवश्यक आहे. कारण त्यांच्याविषयी विद्यार्थी आपण होऊन प्रश्न विचारीत नाही.