ताग वाढू दिला, ज्वारी पिवळी पडली

कळंब तालुक्यातलं माझं काळं रान. दरसाल सोयाबीन, मागं हरभरा. रान थकलं असं वाटलं म्हणून एका वर्षी एकरभर ताग टाकला, मागं ज्वारी घ्यायची ठरवून.

जूनअखेर पेरला. पंचेचाळिसाव्या दिवशी ताग कमरेवर गेला, पिवळी फुलं डोकावली. शेजारचे आबा बांधावरून म्हणाले, "गाड आता." मला हाव सुटली. म्हटलं, "आबा, वीस दिवस राहू द्या, पाला तेवढाच जास्त."

नेमकी पावसानं ओढ दिली. पोळ्यानंतर रोटाव्हेटर घातला, तर वाखाचे धागे पात्यांना गुंडाळून बसले. ट्रॅक्टरवाला सारखा उतरून कोयत्यानं ते कापत होता. कोरड्या मातीत काड्या कुजल्याच नाहीत. पेरताना तिफणीच्या फणात त्याच अडकल्या. ज्वारी विरळ उगवली, अन् चार पानांवर पिवळी पडली. जी युरियाची गोणी वाचवायची होती, तीच आणावी लागली.

चूक तागाची नव्हती. कोवळा ताग लवकर कुजतो आणि नत्र सोडतो. जून काडी कुजवायला मात्र जिवाणूंनाच नत्र लागतं. ते मातीतलं घेतात आणि पीक उपाशी राहतं. शिवाय वाढीव दिवसांत तागानं ज्वारीच्या वाट्याची ओल पिऊन टाकली.

म्हणून सांगतो:

पहिल्या चांगल्या पावसावर पेरा, एकरी 20 ते 25 किलो बी. बियाण्याला रायझोबियम चोळा. महिन्याभरानं एक रोप उपटून मुळावरची गाठ फोडा. आत गुलाबी दिसली तर नत्राचं काम चालू आहे.

40 ते 50 दिवसांत, फुलं लागताच, जमिनीत ओल असताना गाडा. पेरणीआधी दोन-तीन आठवडे कुजायला द्या.

हिशेब ताणू नका. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत नत्र जेमतेम 21 किलो. वेळेवर गाडलेला चांगला ताग एकराला तेवढं देऊ शकतो, पण सगळं पहिल्याच पिकाला लागू होत नाही.

हंगाम सोडणं परवडत नसेल तर मूग घ्या, शेंगा तोडा, हिरवा पाला गाडा. नत्र कमी, पण घरात चार पैसे येतात.

आता मी तागाची उंची बघत नाही. काडी वाकवून बघतो. कचकन मोडली तर त्याच दिवशी ट्रॅक्टर सांगतो. साल सोलून वाख हातात आला, की समजायचं, आता दोरच वळा.