भिंतीच्या आतला प्रवाह

प्रश्न : विभव-अडथळ्याच्या आत इलेक्ट्रॉनचे तरंगफलन घातांकी दराने घटते. ते वास्तव असल्याने संभाव्यता प्रवाह शून्य येतो. मग टनेलिंग होते कसे?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी

उत्तर : तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तरंगफलन अर्धेच घेतले आहे.

मॅक्स बॉर्न यांच्या 1926 सालच्या अर्थानुसार तरंगफलनाच्या परिमाणाचा वर्ग म्हणजे संभाव्यता-घनता. ती एका जागी कमी झाली, तर तेवढी शेजारी वाहून गेलेली असते. हे वाहणे तरंगफलनाची कला जागेनुसार बदलते तेव्हाच होते. वास्तव फलनात ती बदलत नाही, म्हणून प्रवाहही नाही.

मात्र अडथळ्याची जाडी मर्यादित असेल, तर आत दोन पदे असतात : एक घटणारे, दुसरे वाढणारे. दुसऱ्याचा सहगुणक सहसा अगदी लहान असतो आणि पुस्तके ते पद सर्रास वगळतात. मला ही सवय घातक वाटते. कारण दोन्ही पदांच्या सहगुणकांत कलांतर असते आणि प्रवाह त्यांच्या गुणाकारातूनच येतो. त्या गुणाकारात एकाची घट दुसऱ्याची वाढ नेमकी खोडून काढते. म्हणूनच घनता घटत असली, तरी स्थिर अवस्थेत प्रवाह आत सगळीकडे सारखाच, पलीकडे निघतो तेवढाच असतो. जाडी अनंत धरली, तर वाढणारे पद उरत नाही आणि सगळे परावर्तन होते.

बिनिग आणि रोरर यांचा 1981 सालचा स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप याच प्रवाहावर चालतो. त्याच्या सुईचे टोक पृष्ठभागापासून 0.1 नॅनोमीटर दूर गेले, म्हणजे अडथळा तेवढा जाड झाला, की विद्युतप्रवाह साधारण दहापट घटतो.

अडथळ्याच्या पलीकडच्या कडेवर सीमा-अटी लावून दोन्ही सहगुणक स्वतः काढून पाहा.