आईबरोबर लेकरेही दारी येतात



पंचशील आपण रोज ग्रहण करतो आणि त्यातले पहिले शील हिंसेपासून अलिप्त राहण्याचे आहे. तरीही शेजारच्या घरात बायकोवर हात पडला की "तो त्यांच्या घरचा प्रश्न" म्हणून आपण आपले दार लावून घेतो. सिगालोवाद सुत्तात पतीची पत्नीविषयी पाच कर्तव्ये सांगितली आहेत. तिचा मान राखणे हे पहिले आणि तिचा अवमान न करणे हे दुसरे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की, लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होऊ नये. हे आपण अनेकदा ऐकले आहे. म्हणून आजचा पाठ एका साध्या प्रश्नाचा आहे. रात्री अकरा वाजता वस्तीतली एखादी बहीण दोन लेकरांना घेऊन तुमच्या दारी आली, तर तुम्ही काय कराल?

बहुतेक घरांत पहिला प्रश्न निघतो, "तू काय बोललीस त्याला?" तो विचारू नका. लेकरांना आधी खाऊ घाला, मग तिला कुठे लागले ते पाहा. लागले असेल तर त्याच रात्री सरकारी दवाखान्यात न्या. तिथे लाजेने "पायरीवरून पडले" असे सांगितले जाते आणि कागदावरही तेच उतरते. पुढे तोच कागद तिच्या विरुद्ध जातो. म्हणून डॉक्टरांना खरे कारण सांगण्याचा धीर तिला द्या. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू झाले, ते याच विचाराने. मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्याच्या आधी दवाखान्यातच येते.

दुसरी सवय बैठकीची. सकाळी विहारात चार कर्ती माणसे जमतात, नवऱ्याला दम भरतात, "पुन्हा पिणार नाही" असे वदवून घेतात आणि बाईला परत पाठवतात. हेतू वाईट नसतो. पण बैठक उठते, माणसे आपापल्या घरी जातात, आणि दाराआड ती आणि तोच उरतात. समेट करायचाच असेल तर ती सुरक्षित झाल्यावर आणि तिच्याच मनाने व्हावा. तिला संरक्षण देणारा आदेश बैठक काढू शकत नाही. तो न्यायदंडाधिकारी काढतात.

त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याखाली महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. ते तिची हकिकत लिहून घेतात, तिची प्रत विनामूल्य देतात आणि न्यायालयात अर्ज करण्यास मदत करतात. शेजाऱ्यानेही त्यांना कळवावे. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर त्याची जबाबदारी येत नाही, असे कायदाच म्हणतो. अर्ज सासरच्याच गावी करावा लागतो असेही नाही, ती तात्पुरती माहेरी राहत असेल तर तिथेही चालतो. वकिलाच्या फीची चिंता नको. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना व मुलांना, मिळकत कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

आपल्या घरांत दोन शंका हमखास निघतात. "लग्न विहारात लागले, नोंदणी केली नाही." अडत नाही. लग्नासारख्या नात्याने एकत्र राहिलेल्या बाईलाही हा कायदा लागू आहे. "खोली सासूच्या नावावर आहे." तरी तिला परस्पर बाहेर काढता येत नाही. घर नवऱ्याच्या नातेवाइकांचे असले तरी राहण्याचा हक्क मागता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला आहे. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. छळाची फौजदारी फिर्याद याहून वेगळी, ती पोलीस ठाण्यात करता येते.

आता लेकरांविषयी. "मुलांसाठी सहन करते," असे आपली बहीण म्हणते. तिला समजावून सांगा की मूल भिंतीआडून सारे ऐकते. त्याला मार बसला नाही तरी ते अंथरूण ओले करते, वर्गात गप्प बसते, आणि मुलगा असेल तर हात कसा उगारायचा तेही शिकतो. कायद्याने मुलांकडे पाठ फिरवलेली नाही. मुलांचा तात्पुरता ताबा आईला मिळू शकतो, आणि मुलांच्या शाळेत नवऱ्याने जाऊ नये असाही आदेश मागता येतो. गाव सोडावे लागले तरी शाळा सुटू देऊ नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. हे मुख्याध्यापकांना नम्रपणे, पण ठामपणे सांगा.

राहायची सोय नसेल तर २०१५ पासून सुरू झालेल्या 'सखी' केंद्रात लेकरांसह काही दिवस आसरा मिळतो. सल्ला, वकील, पोलीस यांची मदतही तिथेच. त्यानंतर लांबच्या मुक्कामासाठी शक्ती सदन आहे. मोठ्या मुलग्यांना मात्र वयाची मर्यादा असते. थोरला मुलगा सोबत असेल तर आधी विचारून घ्या, नाहीतर दारातूनच ताटातूट होते.

निघताना जमेल तर मुलांचे जन्मदाखले, जातीचा दाखला, शिधापत्रिका, आधार आणि दवाखान्याचे कागद घ्यावेत. न जमल्यास कागदांसाठी परत त्या घरात एकटीने जाऊ नये. विहाराच्या फळ्यावर एवढे लिहून ठेवा: पोलीस ११२, महिला १८१, मुलांसाठी १०९८. त्याखाली आपल्या भागातील संरक्षण अधिकाऱ्यांचे नाव व फोन लिहा. बदल्या होत असतात, म्हणून दर वर्षावासात तो एकदा तपासून घ्यावा.