फ्रेंच राज्यक्रांती आणि भाषेचा प्रश्न

कालिदासाच्या 'शाकुंतला'चे सर विल्यम जोन्सकृत इंग्रजी भाषांतर कलकत्त्यास १७८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून जर्मन भाषांतर सिद्ध केले ते गेओर्ग फोर्स्टर याने, १७९१ मध्ये. ते वाचून हेर्डर आणि ग्योटे कसे भारावून गेले, हे भारतीय साहित्याच्या अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. फोर्स्टरचे पुढील आयुष्य मात्र आपल्या चर्चेत क्वचितच येते. फ्रेंच सैन्याने ऑक्टोबर १७९२ मध्ये माइन्त्स शहर घेतले, तेव्हा तो तेथील विद्यापीठाचा ग्रंथपाल होता. तो जॅकोबिन मंडळात सामील झाला, १७९३ साली स्थापन झालेल्या माइन्त्सच्या प्रजासत्ताकाचा एक धुरीण बनला आणि ह्या प्रदेशास फ्रान्सने आपल्यात सामावून घ्यावे, ही मागणी घेऊन पॅरिसला गेला. इकडे जुलैमध्ये प्रशियाच्या फौजांनी माइन्त्स परत जिंकले. फोर्स्टरची परतीची वाट खुंटली, आणि १० जानेवारी १७९४ रोजी, चाळिशीही न गाठता, तो पॅरिसमध्येच वारला.

त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, त्याच शहरात, लोकसुरक्षा समितीच्या वतीने बारेर ह्याने राष्ट्रीय परिषदेपुढे एक निवेदन केले. ब्रेतों, बास्क, इटालियन आणि जर्मन ह्या चार भाषा प्रजासत्ताकास घातक आहेत, असा त्याचा आशय होता. अंधश्रद्धा आणि फुटीरपणा ब्रेतोंच्या, धर्मवेड बास्कच्या, प्रतिक्रांती इटालियनच्या आणि देशत्याग केलेल्या सरदारांचा प्रजासत्ताकद्वेष जर्मनच्या तोंडून बोलतो, असे त्याचे प्रतिपादन होते. जर्मन भाषेत क्रांतीचा पुरस्कार करून परागंदा झालेला माणूस नुकताच त्याच शहरात मातीआड झाला होता, ह्याची त्या सभागृहात कोणास आठवण झाली असेल, असे वाटत नाही.

ही विसंगती केवळ योगायोगाची नव्हे. ती क्रांतीच्या मूळ विचारातच कशी दडलेली होती आणि युरोपभर तिचे काय परिणाम झाले, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडे. 'क्रांती' हा शब्द आपल्याकडे ज्योतिषाच्या परिभाषेतून परिचित होता. 'संक्रांत' आणि 'क्रांतिवृत्त' हे शब्द त्याच कुळातले. युरोपीय भाषांतील 'रेव्होल्यूशन' हा शब्दही खगोलशास्त्रातलाच. कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथनामात तो आहे. मराठीने मात्र 'राज्यक्रांती' म्हणून त्यास 'राज्य' हे पद जोडले. भाषेच्या प्रश्नापुरते तरी हे पद फार अपुरे पडते; कारण बदलले ते केवळ राज्य नव्हे, तर राज्य आणि बोलणारा माणूस ह्यांतील नाते.

राजेशाहीस प्रजा काय बोलते ह्याची विशेष फिकीर नव्हती. १५३९ च्या व्हिलेर-कोत्रे येथील राजाज्ञेने न्यायालयांचे आणि दप्तराचे कामकाज फ्रेंचमध्ये आणले होते. परंतु खेड्यातील शेतकरी आपल्या घरात आणि शिवारात कोणती बोली वापरतो, हा राजाच्या काळजीचा विषय नव्हता. त्याने कर भरला आणि आज्ञा पाळली की पुरे. २६ ऑगस्ट १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने हा हिशेबच बदलला. कायदा ही लोकेच्छेची अभिव्यक्ती असेल, तर तो लोकांना समजलाच पाहिजे. मग दोनच मार्ग उरतात: कायदा लोकांच्या भाषेत नेणे, किंवा लोकांना कायद्याच्या भाषेत आणणे.

आरंभी पहिला मार्ग निवडला गेला. सभेने १४ जानेवारी १७९० रोजी आपले ठराव देशातील निरनिराळ्या भाषांत अनुवादित करावेत, असे ठरविले. चारच वर्षांत हे धोरण पार उलटले. ह्या अवधीत काय घडले, ते सर्वांस ठाऊक आहे: एप्रिल १७९२ मध्ये युद्ध पुकारले गेले, सप्टेंबरात राजेशाही बरखास्त झाली, जानेवारी १७९३ मध्ये सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला आणि पाठोपाठ पश्चिमेकडे व्हांदे प्रांतात बंड उसळले. सीमेवर शत्रू आणि घरात बंडाळी असता परकी वाटणारी प्रत्येक बोली संशयास्पद ठरली. बारेरने जी चार नावे घेतली, ती सर्व सीमाप्रांतांची अथवा बंडखोर मुलखाच्या शेजारची होती, हे लक्षात घेतले पाहिजे. दक्षिणेकडील ऑक्सितान बोलींना त्याने ह्या यादीतून वगळले. तो स्वतः दक्षिणेतील तार्ब गावचा!

आंरी ग्रेग्वार ह्याची भूमिका ह्याहून अधिक मूलगामी आणि म्हणूनच अधिक विचार करावयास लावणारी आहे. लोरेनमधील हा खेड्याचा पाद्री ज्यूंना नागरिकत्व मिळावे म्हणून झगडला. गुलामगिरीच्या उच्चाटनासाठी झटला. पुतळे आणि ग्रंथसंग्रह ह्यांच्या नासधुशीस 'व्हँडॅलिझम' हे नाव त्यानेच रूढ केले. ऑगस्ट १७९० मध्ये त्याने प्रांतोप्रांतीच्या जाणत्यांकडे ४३ प्रश्नांची एक प्रश्नावली पाठविली: तुमच्याकडे कोणती बोली आहे, तिच्यात पुस्तके आहेत काय, प्रवचने कोणत्या भाषेत होतात आणि ती बोली नष्ट केल्यास काय होईल? ४ जून १७९४ रोजी त्याने परिषदेस अहवाल सादर केला. त्याच्या अंदाजाप्रमाणे किमान ६० लाख लोकांना फ्रेंच मुळीच येत नव्हते, तितक्याच लोकांना सलग संभाषण करणे कठीण होते आणि ती शुद्ध बोलणारे ३० लाखांहून अधिक नव्हते. अहवालाच्या शीर्षकातच बोलींचा समूळ नाश आणि फ्रेंचचा सार्वत्रिक प्रसार हे उद्दिष्ट नोंदविलेले आहे.

हा माणूस दुष्ट नव्हता. हीच खरी अडचण आहे. ज्यास फ्रेंच येत नाही, तो वकिलाच्या, धर्मगुरूच्या आणि जमीनदाराच्या हाती राहतो, हे त्याचे निदान चुकीचे म्हणता येत नाही. चूक झाली ती उपायात. प्रांतीय बोली हे दास्याचे कारण नसून दास्यात सापडलेल्यांचे एकमेव धन आहे, हे दगडी पुतळ्यांसाठी हळहळणाऱ्या ग्रेग्वारला दिसले नाही. २० जुलै १७९४ च्या हुकुमाने सर्व सार्वजनिक दस्त फ्रेंचमध्येच करण्याची सक्ती झाली. आठवडाभरात रोबेस्पिअरचे पतन झाले आणि सप्टेंबरच्या आरंभी तो हुकूम स्थगित करावा लागला.

फ्रान्सबाहेर ह्याच विचाराने निराळीच फळे दिली. उगो फोस्कोलोने बोनापार्तला मुक्तिदाता म्हणून उद्देशून ओड लिहिली. पण ऑक्टोबर १७९७ च्या काम्पोफोर्मिओच्या तहाने त्याच मुक्तिदात्याने व्हेनिस ऑस्ट्रियाच्या हवाली केले. ह्या विश्वासघातातून 'याकोपो ओर्तिसची अखेरची पत्रे' ही कादंबरी आली (१८०२). तिचा बाह्य आकार ग्योटेच्या 'व्हेर्थर'चा असला, तरी प्रेमभंगाच्या जोडीस येथे देशभंग आहे. उलट पोलंड १७९५ मध्ये नकाशावरून पुसले गेले असताना, इटलीत फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या पोलिश पलटणीसाठी व्हिबित्स्कीने १७९७ मध्ये रचलेले गीत आज त्या देशाचे राष्ट्रगीत आहे आणि त्यात बोनापार्तचे नाव कायम आहे.

जर्मनीत फिख्टेने १७९३ मध्ये क्रांतीचे समर्थन केले होते. येना येथील १८०६ च्या पराभवानंतर फ्रेंचव्याप्त बर्लिनमध्ये त्याने १८०७-०८ च्या हिवाळ्यात जी व्याख्याने दिली, त्यांत राष्ट्राचा आधार भाषा हाच ठरला. बारेर आणि फिख्टे परस्परांचे शत्रू खरे. पण एक राष्ट्र म्हणजे एक भाषा, ह्या समीकरणात दोघे एकमेकांच्या फार जवळ येतात.

सर्वांत विलक्षण उदाहरण इलिरियन प्रांतांचे. १८०९ ते १८१३ ह्या काळात ल्युब्लियाना ही त्यांची राजधानी होती. जे फ्रान्स घरी ब्रेतोंला शाळेचे दार उघडत नव्हते, त्याच फ्रान्सने येथे प्राथमिक शाळांत देशी भाषेस जागा दिली. कवी आणि पाद्री व्हालेन्टिन व्होद्निक ह्याने त्या शाळांसाठी १८११ मध्ये स्लोव्हेन भाषेचे व्याकरण लिहिले आणि त्यातच इलिरियाच्या पुनरुज्जीवनावर नेपोलियनची स्तुती करणारे काव्य छापले. ऑस्ट्रियन सत्ता परतल्यावर त्या काव्याची किंमत त्याला मोजावी लागली. १८१५ मध्ये त्यास सेवेतून निवृत्त करण्यात आले.

ग्रेग्वारच्या प्रश्नावलीस आलेली उत्तरे दीर्घकाळ पडून होती. १८८० मध्ये गाझिये ह्याने ती संपादून प्रसिद्ध केली. १९७५ मध्ये द सेर्तो, ज्युलिया आणि रव्हेल ह्यांनी त्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बोली नष्ट करण्यासाठी जमविलेली ही माहिती अठराव्या शतकातील फ्रान्सच्या बोलींविषयीचा एक मोलाचा पुरावा ठरली आहे. प्रश्न मात्र मिटलेला नाही. २००८ च्या दुरुस्तीने प्रादेशिक भाषा फ्रान्सच्या वारशाचा भाग असल्याचे संविधानात नोंदविले गेले; आणि मे २०२१ मध्ये संविधान परिषदेने, प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे ह्या कलमाच्या आधारे, संपूर्ण शिक्षण प्रादेशिक भाषेच्या माध्यमातून देण्याची तरतूद रद्दबातल ठरविली.