एमजीबीचा गळका हीटर

प्रश्न : घरी १९६५ची एमजीबी गाडी आहे. थंडीत हीटर लावला की गोडसर वास येतो, काचेवर चिकट थर बसतो, पायाखालचा गालिचा भिजतो. हीटर कायमचा बंद करू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच बंद करू नका. निफाडकडच्या गारठ्यात पहाटे काच साफ ठेवणारी यंत्रणा हीच. गोडसर वास कूलंटचा आहे, म्हणजे हीटरचा कोर गळतोय. (गालिचा फक्त पावसाळ्यात भिजत असता, तर मी आधी हवेच्या कप्प्याची निचरा-नळी तुंबली आहे का ते पाहायला सांगितले असते.)

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, मगच कूलंट काढा. बॅटरी सोडवताना जपा : तुमच्या गाडीत अर्थ प्लसला आहे. बॉनेटखालचे हीटरचे दोन्ही होज, मोटरच्या वायरी, आतून डॅशबोर्डखालून काचेकडे जाणाऱ्या नळ्या आणि झडपेची केबल सुटी करा. कडेचे स्क्रू काढूनही हीटरची पेटी हलत नाही, कारण जुने सील चिकटलेले असते. इथेच लोक पहार घालतात आणि पत्रा वाकवतात. हळूहळू, चहूबाजूंनी सैल करा.

पेटी निघाली की कोर रेडिएटरवाल्याकडे पाण्यात बुडवून, हवेचा दाब देऊन तपासून घ्या. पेटीचा गंज घासून रंग द्या. फोमचे सील सगळे नवे घाला. ते कुजके राहिले तर गरम हवा काचेपर्यंत पोचतच नाही. होज आणि हेडवरचा व्हॉल्व्हही आताच बदला.

सांडलेले कूलंट विषारी असते. मुले आणि कुत्री-मांजरे दूर ठेवा.